पेट्रिव्काचं वाकडं चर्च

कुरिलुकांच्या घरात जेवणाआधी भांडायची पद्धत नव्हती. भांडण कितीही पिकलेलं असो, आधी सगळ्यांनी पोटभर जेवायचं आणि मग एकमेकांचा उद्धार करायचा, हा आजोबांचा, म्हणजे याकिव कुरिलुकांचा दंडक. म्हणूनच त्या बारा जुलैला, संत पेट्रो आणि पावलोच्या सणाला, चर्चशेजारच्या सभागृहात सगळे इतके हळू जेवत होते. बटाटा भरून उकडलेल्या पिरोह्यांचं पातेलं तळाला लागलं, कोबीच्या पानातले भाताचे गुंडाळे संपले, तरी त्यांचा नातू ओरेस्ट आपल्या बशीतली आंबट साय पावाने पुसतच बसला होता. उठलो की सभा सुरू होणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

सभेत चर्चचं काय करायचं ते ठरायचं होतं. तीन वर्षं हे भिजत घोंगडं पडलं होतं. छप्पर गळत होतं, उत्तरेकडचा पाया खचला होता, आणि गेल्या हिवाळ्यात घुमटाच्या पत्र्याला अशी फट पडली की आत उभं राहून आभाळ दिसे. शेवटी बिशपांचा निरोप आला, की बर्फ पडायच्या आत काय ते ठरवा. विकायचा प्रश्नच नव्हता. पलीकडच्या एका गावाने आपलं चर्च विकलं होतं आणि आता तिथे वेदीच्या जागी एक माणूस ट्रॅक्टर दुरुस्त करतो. त्या गावाचं नाव काढलं की आमच्याकडच्या बायका अजून छातीवर क्रूसाची खूण करतात. वाटा दोनच उरल्या होत्या. एडमंटन शहराजवळच्या एका संग्रहालयाने चर्च आहे तसं उचलून न्यायची तयारी दाखवली होती. नाहीतर आमची जुनी रीत होती. जिथे प्रार्थनेला माणसं उरत नाहीत ते चर्च, आतली पवित्र चित्रं आणि घंटा काढून घेऊन, पाद्र्याच्या साक्षीने जाळून टाकायचं. म्हणजे पुढे त्याची विटंबना नको.

मत देणारी माणसं पाचच होती. त्यातली चार कुरिलुकांची आणि पाचवा म्हातारा पानास वोरोबेट्स, ज्याला ऐकू कमी यायचं आणि जे ऐकू यायचं ते तो आपल्या सोयीने ऐकायचा.

पेट्रिव्का हे नाव तुम्हाला नकाशात सापडणार नाही. नकाशात आहे क्वार्लटन. रेल्वेवाले पूर्वेकडून रूळ टाकत आले तेव्हा इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने स्टेशनांना नावं ठेवत आले, आणि आमच्या वाट्याला नेमका क्यू आला. तो शब्द आमच्या म्हाताऱ्यांच्या तोंडात कधी बसला नाही. चर्च रेल्वेच्या आधीचं, म्हणून चर्चच्या संतावरून पेट्रिव्का. आता रूळही उखडलेत आणि रुळाकाठचा धान्याचा उंच लाकडी कोठा पाडल्यालाही दोन वर्षं झाली. शाळेच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्यात. सस्कॅचेवान प्रांताच्या सपाट माळावर लांबून दिसणारी एकच गोष्ट उरली आहे, आमचा घुमट, आणि तोही रस्त्याच्या मानाने तिरका.

तेक्ला भांडी पुसत होती. कुरिलुक भावंडांत ती थोरली. सकाळच्या प्रार्थनेत तिचा आवाज दोनदा फाटला होता आणि त्याचं तिला अजून वाईट वाटत होतं. आमच्याकडे वाद्य नसतं. पाद्री एक ओळ गातो आणि द्याक त्याला गाऊन उत्तर देतो; उत्तराशिवाय प्रार्थना पुढे सरकत नाही. वडील होते तोवर ते द्याक होते. मग गावात गाणारा पुरुष उरला नाही आणि काम तेक्लाकडे आलं. एके काळी मागे साठ-सत्तर माणसं उत्तराला असत. आज फादर ल्युबोमिर गात होते, तेक्ला उत्तर देत होती, आणि मधल्या शांततेत छतातली वटवाघळं ऐकू येत होती.

"वन्सं," भांडी घासणारी नेटी म्हणाली. ओरेस्टची बायको. "तुम्ही रागावणार असाल तर आत्ताच रागवा. माझे हात साबणात आहेत तोवर."

"काय केलंस?"

"केलं नाही, करणार आहे. मी तुमच्या धाकट्या बहिणीच्या, दार्याच्या बाजूने हात वर करणार. संग्रहालयाला."

तेक्लाने हातातली बशी पुसून पुसून कोरडी केली, मग पुन्हा पुसली.

"ओरेस्टला सांगितलंस?"

"त्यांना कशाला? ते 'जाळा जाळा' म्हणत हिंडतायत. वन्सं, मागच्या महिन्यात ते शिडीवरून घसरले. तुम्हाला बोलले नाहीत ना? मला वाटलंच. चौसष्ट वर्षांचा माणूस घुमटावर चढून डांबर लावतो. कशासाठी? वर्षातून एकदा फादर येतात म्हणून. संग्रहालयाची माणसं गाडी घेऊन येऊ देत, उचलू देत, मी रस्त्यात उभी राहून हात हलवीन. रडेन पण. पण मला माझा नवरा जमिनीवर हवा आहे."

"मग जाळलं तरी तो जमिनीवरच राहील की."

"जाळलं तर वेडा होईल तो," नेटी म्हणाली. "तुम्ही बहीण आहात, पण त्याच्याबरोबर राहते मी."

तेक्लाला राग आला नाही. नेटी या घरात आली तेव्हा तिला पिरोहीची कड दाबता येत नव्हती, उकळत्या पाण्यात सगळ्या उघडायच्या आणि आई म्हणायची, "सूनबाईंनी आज सूप केलंय." त्या मुलीने आज वन्संसमोर उभं राहून आपलं मत सांगितलं, याचं तेक्लाला थोडं कौतुकच वाटलं.

"तुमचं काय ठरलंय, वन्सं?" नेटीने हळूच विचारलं. "सगळे धरून चाललेत की तुम्ही दोन्हीला नाही म्हणणार. नेहमीसारखं."

"सगळ्यांना आधीच माहीत असेल तर मला कशाला विचारतेस?" तेक्ला म्हणाली आणि पुढची बशी घेतली.

बाहेर ओरेस्ट चर्चच्या पायऱ्यांवर सिगरेट ओढत बसला होता. शेजारी पानास काठीवर हनुवटी टेकून बसला होता. समोर मोहरीसारखी पिवळी कॅनोलाची शेतं क्षितिजापर्यंत फुलली होती आणि डास माणसांची चव घेत होते. गवत ओरेस्टनेच काल कापलं होतं. गेली वीस वर्षं तोच कापत होता. दार्या वर्षातून एकदा एडमंटनहून यायची आणि म्हणायची, "किती सुंदर ठेवलंय रे, दादा!" तेव्हा ओरेस्टला गवत कापायचं यंत्र तिच्या हातात द्यावंसं वाटायचं.

आणि आत्ता ती आलीच. धाकटी बहीण, पण तीही अठ्ठावन्नची झाली होती. पांढरे बूट गवतातून सांभाळत ती येऊन उभी राहिली.

"दादा, सभेच्या आधी दोन शब्द बोलू?"

"बोल की. तू लांबून बोलतेसच, आज जवळून बोल."

"टोमणा मारायचा असेल तर मार एकदाचा."

"टोमणा कसला? उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना आपण कोण बोलणार!"

दार्याने ओठ दाबले. ती अठराव्या वर्षी गेली, शिक्षिका झाली, इंग्रजाशी लग्न केलं. हे सगळं या घराने तिला माफ केलं होतं आणि माफ केल्याची आठवण दर वेळी करून दिली होती.

"संग्रहालयात नीट छप्पर घालतील," ती म्हणाली. "पाया नवा करतील. आजोबांचं नाव लावतील बाहेर. शाळेची मुलं येतील, बघतील की आपली माणसं आली तेव्हा काय होतं इथे. आणि या मुलखात इमारती कधी हलल्या नाहीत असं थोडंच आहे? इथलं हॉटेल पलीकडच्या गावातून बर्फावरून ओढत आणलं होतं. तू जन्मलास ते घर आधी तीन मैलांवर होतं. आता तुझी यंत्रं ठेवतोस ती शेड म्हणजे आपली जुनी शाळा!"

"हॉटेल हललं, शाळा हलली, घर हललं," ओरेस्ट म्हणाला. "हे नाही हललं. हाच तर फरक आहे."

"काय नाही जमलं?" पानासने विचारलं.

"हललं नाही, काका! चर्च!"

"हां. ते कसं हलेल? याकिवने हलू दिलं का?" पानासचा चेहरा उजळला. ही गोष्ट सांगायची संधी तो कधी सोडत नसे, आणि ऐकणाऱ्यांना ती पाठ असणं ही त्याच्या लेखी अडचण नव्हती. "समुद्रापलीकडे, जुन्या देशात असतं तर कारागीर असता. दिशा बघून दोरी धरली असती त्याने. इथे कोण होतं? सात बिऱ्हाडं आणि एक करवत. म्हणाले, वेदी पूर्वेला हवी ना, मग सूर्य उगवेल तिकडे पूर्व. सणाच्या पहाटे उठले, सूर्य वर आला तिकडे खुंटी ठोकली. आता उन्हाळ्यातला सूर्य! तो इथे कुठे पूर्वेला उगवतो? पार उत्तरेकडे सरकलेला असतो. हिवाळा आला तेव्हा कळलं. तोवर भिंती उभ्या राहिल्या होत्या."

"माहीत आहे, काका," दार्या म्हणाली. पण पानास कुठला थांबतोय.

"मग आला रेल्वेचा इंजिनियर. रस्ते सगळे सरळ, उत्तर-दक्षिण, आणि मधे हे तिरकं. म्हणाला, घोडे आणतो, जॅक लावतो, एका दिवसात फिरवून देतो, सगळा खर्च आमचा. याकिवने त्याला ठेवून घेतला. खाऊ घातलं, पाजलं. पहाटे उठवून दारात उभा केला. सणाचेच दिवस होते. सूर्य वर आला तो वेदीवरच्या खिडकीतून सरळ त्या साहेबाच्या छातीवर. साहेब काय म्हणाला? आज ठीक आहे, पण महिन्याभरात सूर्य इथून हलेल. आणि याकिव म्हणाला, हलू दे त्याला. आम्ही त्याला पहिल्यांदा जिथे भेटलो तिथे उभे राहणार."

पानास स्वतःशीच हसला. ओरेस्टही हसला, हसायचं नव्हतं तरी. मग त्याने सिगरेट विझवली आणि बहिणीकडे पाहिलं.

"संग्रहालयात कुठे तोंड करून ठेवणार?"

याच प्रश्नाची दार्याला भीती होती. तिने तो फोनवर आधीच विचारला होता, आणि पलीकडच्या सभ्य मुलीने सभ्यपणे उत्तर दिलं होतं.

"तिथे एक गल्ली केली आहे," ती म्हणाली. "जुन्या गावासारखी. न्हाव्याचं दुकान, लोहाराचं, शाळा. चर्च गल्लीच्या टोकाला. येणाऱ्यांना दार दिसावं म्हणून गल्लीकडे तोंड."

"म्हणजे सरळ करणार."

"सरळ म्हणजे... हो."

"रेल्वेला जमलं नाही ते तू करणार."

"काय करणार?" पानासने विचारलं. त्याचा कान पुढे आला होता.

"सरळ करणार, काका! गल्लीच्या रेषेत!"

कालपर्यंत म्हातारा दार्याच्या बाजूचा होता. त्याच्या बापाने ती घंटा बैलगाडीतून चार दिवस ओढत आणली होती, आणि संग्रहालय त्याच्या बापाचं नाव पितळेच्या पाटीवर घालणार होतं. त्याने काठी गवतात रोवली, उपटली, पुन्हा रोवली.

"मग पाटी राहू दे," तो म्हणाला. "मला तशीही नीट वाचता येत नाही."

दार्याला रडू आलं आणि रागही आला. हे नेहमीचंच होतं. ही माणसं दोन वाक्यांत तिला बाहेर काढत, आणि बाहेर काढलं हे त्यांना कळतही नसे.

"तू जाळून मोकळा होशील, दादा," ती म्हणाली. "तुला काय! तू चौसष्ट वर्षं हे रोज बघितलंस. पोटभर बघितलंस. मी माझ्या नातवंडांना काय दाखवू? त्यांना आपली भाषा येत नाही, इथली नावं उच्चारता येत नाहीत. कुठेतरी एक दार हवं आहे मला, ज्याच्यासमोर उभं राहून सांगता येईल की ही मी. इथे काय, राखेचा ढीग दाखवू?"

ओरेस्टने खिशातून नवी सिगरेट काढली आणि पेटवायची विसरला.

"चला," तो शेवटी म्हणाला. "फादरना चारशे मैल जायचंय."

फादर ल्युबोमिर तरुण होते, समंजस होते आणि फार दमलेले होते. एवढ्या मोठ्या मुलखातली वीस-बावीस चर्चं त्यांच्याकडे होती, आणि त्यातल्या निम्म्या ठिकाणी ते फक्त माणसं पुरायला जात. टेबलावरचं तेलकट प्लास्टिक पुसून झालं, चहा आला, आणि त्यांनी प्रार्थना म्हणून सभा सुरू केली.

पहिला बोलला ओरेस्ट, आणि त्याने खच्चून बोलायचं ठरवलंच होतं. चर्च म्हणजे बाहुली नाही. लोक तिकीट काढून आत येणार, टोप्या न काढता फोटो काढणार, वेदीपर्यंत जाणार, आणि बाहेर पडून आइस्क्रीम खाणार. तिथे आपल्या आईची शवपेटी ठेवली होती, तिथे आपण सगळे बाप्तिस्म्याला नागडे रडलो होतो. जाळा. आजोबांनी देवासाठी बांधलं, देवाला परत द्या.

दार्या बोलली. ती शांत बोलली, तयारी करून आली होती, आणि त्यामुळेच ते कुणाला फारसं लागलं नाही. शेवटी मात्र ती टेबलावरचे कागद बाजूला सारून तेक्लाकडे वळली.

"ताई, मी त्यांच्याशी तुझ्याबद्दलही बोलले. ते तुझा आवाज ध्वनिमुद्रित करून घेतील. सगळी प्रार्थना. मग आत पाऊल टाकलं की तुझं गाणं सुरू होईल. रोज. तू नसशील तेव्हाही. मला..." ती अडखळली. "मला तिथे जाऊन तुला ऐकता येईल."

नेटीने नवऱ्याकडे पाहिलं आणि खाली पाहिलं. ही गोष्ट दार्याने तिलाही सांगितली नव्हती.

तेक्ला टेबलाच्या टोकाला बसली होती. खोटं कशाला बोला, तिला मोह झाला. लग्न झालं नाही, मूल नाही, शेतही भावाच्या नावावर. तिने आयुष्यात एकच गोष्ट नीट केली होती आणि ती हवेत विरून जाण्यातली होती. अनोळखी मुलं दारात उभी आहेत आणि आपला आवाज त्यांच्या अंगावरून जातो आहे, असं चित्र तिला दिसलं आणि ते सुंदर होतं. तिने ते मनाशी पुरेपूर बघून घेतलं.

"आणि त्यात फादरांच्या ओळी कोण म्हणणार?" तिने विचारलं.

"त्याही घेऊ मुद्रित करून. फादर तयार असतील तर."

"म्हणजे ते आज विचारणार आणि मी आजच उत्तर देणार. मग रोज तेच. कुणी मेलं तरी तेच, कुणाचं लग्न असलं तरी तेच." तिच्या बोलण्यात राग नव्हता. "दार्या, तू एवढा विचार केलास माझा, हे मी विसरणार नाही. कुणी केला नव्हता."

"मग ताई..."

"थांब. मला उभं राहून बोलू दे. बसून बोललं की माझा आवाज पोटात राहतो."

ती उठली. ओरेस्ट खुर्चीत जरा मागे रेलला. त्याला आता पुढचं ठाऊक होतं. ताई म्हणणार, माझे डोळे मिटेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. मग तो टेबलावर मूठ आपटणार, फादर उसासा टाकणार, आणि आणखी एक वर्ष निघणार. डांबराचा डबा त्याने कालच आणून ठेवला होता.

"मी तीन वर्षं नाही म्हणत आले," तेक्ला म्हणाली. "कारण मला वाटायचं, मी आहे तोवर ते आहे. आज सकाळी गाताना मला कळलं की हे उलटं आहे. वरचा सूर माझा गेल्या वर्षीच गेला. यंदा मधला जातोय. फादर, तुम्ही ऐकलंत. तुम्ही चांगले आहात म्हणून बोलला नाहीत."

फादरांनी मान खाली घातली.

"माणूस मेलं की आपण त्याला गाऊन पोचवतो. आईला पोचवलं, वडिलांना पोचवलं. या गावातली बहुतेक सगळी मीच गाऊन पोचवली, ज्यांच्याशी माझं पटत नव्हतं तीसुद्धा. मग याला कोण पोचवणार? मी गेल्यावर एक दिवस छप्पर आपोआप खाली येईल आणि तेव्हा इथे ओळ म्हणणारं कोणी नसेल. बेवारस जाईल ते. माझ्यात आता एकाला पोचवण्याइतका आवाज शिल्लक आहे. तो मला याच्यासाठी वापरायचा आहे." ती थांबली. "मी आहे तोवर जाऊ दे त्याला. घंटा कब्रस्तानात टांगा. वेदी होती तिथे रीतीप्रमाणे क्रूस उभा करा, आणि आजोबांनी धरली होती त्याच दिशेला. बास."

ती बसली. तिच्या बोलण्यात कुणाला आपल्या बाजूला ओढायचा प्रयत्न नव्हता, आणि म्हणूनच सगळे आपापल्या जागी अवघडून बसले होते.

"मतं घेऊ या," फादर हलक्या आवाजात म्हणाले. "आधी, दहनाच्या बाजूने."

तेक्लाचा हात वर गेला. पानासने इकडेतिकडे पाहिलं, काठी मांडीवर आडवी घेतली आणि आपला हात वर केला.

मग दार्याने हात वर केला. तिचे डोळे भरले होते आणि ती कुणाकडे पाहत नव्हती. "दार नको मला," ती म्हणाली. "ताई गाते ते मला एकदा पूर्ण ऐकायचंय. प्रत्येक वेळी मी मधेच निघून गेले आहे."

तीन हात. ठरलं होतं. नेटी मात्र नवऱ्याकडे बघत होती. ओरेस्टचे दोन्ही हात टेबलावर होते, पालथे, जागच्या जागी.

"ओरेस्ट?" फादर म्हणाले.

"अरे, सकाळपासून तूच बोंबलतोयस की जाळा जाळा!" पानास म्हणाला.

"बोंबलत होतो," ओरेस्ट म्हणाला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता. "ताई नाही म्हणेल म्हणून बोंबलत होतो. मी जाळा म्हणायचं, तिने नाही म्हणायचं, मग मी शिडी काढायची. तीन वर्षं असंच चाललंय. मला वाटलं, यंदाही..." तो तेक्लाकडे वळला. "मी डांबर आणलंय, ताई."

नेटीने तोंडावर हात धरला. ज्या माणसाला ती शिडीवरून उतरवायला निघाली होती, त्याला शिडीच हवी होती हे तिला आत्ता कळलं. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि त्या क्षणी कोण कुणाच्या बाजूने होतं याला काही अर्थ उरला नाही.

तेक्ला उठून भावाशेजारी येऊन बसली. तिने त्याचं सांत्वन केलं नाही. त्यांच्या घरात ते कुणाला नीट येत नव्हतं.

"सुगी झाली की करू," ती म्हणाली. "शेतं कापलेली असली की आग पसरायची भीती नाही."

"हं."

"कुणाला तरी लावावी लागेल, ओरेस्ट. परक्याच्या हातून नको."

तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. बाहेर त्याने कापलेलं गवत उन्हात पडलं होतं.

"मी लावीन," तो म्हणाला. "पण तू मधे थांबायचं नाहीस. आवाज फाटला तरी थांबायचं नाहीस. मी पाठमोरा असेन, मला दुसरं काही ऐकू यायला नको."

"नाही थांबणार."

मग ओरेस्टने हात वर केला, आणि त्याच्या मागून नेटीने.